हातचा एक

‘सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक’ असे घोकतच आपण सारे बेरीज शिकलो. हा हातचा उत्तरात कोठेही दिसत नाही. पुढच्या घरात मिळविला की त्याचे काम संपले. पाटीच्या कोपऱ्यात लिहिला असेल, तर तो बोटाने पुसला जातो. संगणकालाही असा हातचा ठेवावा लागतो, आणि तो कसा ठेवावा हे शाळेतच शिकवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संगणकावर चित्रांना टिचकी मारून कामे होतात, हे आमच्या बालवाचकांना ठाऊक आहेच. परंतु त्याच यंत्रात एक काळी चौकट उघडते. तीत चित्रे नसतात, आज्ञा लिहून द्याव्या लागतात. त्या वाचून पार पाडणाऱ्यास शेल म्हणतात. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्याच वळणाचा ‘बॅश’ ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यात आधी नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग किंमत, असे मध्ये जागा न सोडता लिहिले की ती किंमत स्मरणात राहते. नावापूर्वी डॉलरचे चिन्ह घातले की ती परत मिळते. किंमत मराठीत चालते; नाव मात्र रोमन अक्षरांतच हवे. हे आम्हांस अद्याप खुपते.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी नववीतील एका मुलाने प्रत्येक वर्गाची वर्गणी अशी त्या वर्गाच्या नावे मांडून ठेविली. पैसे सारे एकाच डब्यात पडत होते. सायंकाळी त्याच्या मित्राने सहज ती चौकट मिटली आणि सारे आकडे गेले. डब्यातील रक्कम मोजता आली असती. पण कोणत्या वर्गाची किती, हे कोण सांगणार? मुलगा रडकुंडीस आला आणि आम्ही त्याच्यावरच रागावलो. घरी गेल्यावर मात्र आमचेच मन आम्हांस खाऊ लागले. ठेवावे कसे, हे आम्ही शिकविले होते. ते टिकते किती वेळ, हे सांगितलेच नव्हते. चौकट मिटली की तिचे स्मरण संपते. शेजारच्या दुसऱ्या चौकटीस त्याची वार्ताही नसते. ‘एक्स्पोर्ट’ ही आज्ञा दिली, तर त्या चौकटीतून सुरू होणाऱ्या कामांना किंमत मिळते, पण ती नक्कल म्हणून. फळ्यावरचे गणित मुलाने वहीत उतरवून खोडले, म्हणून फळा काही बदलत नाही.

असले विसराळू साधन मुलांच्या हाती द्यावेच कशाला, असे एका पालकांनी विचारले. आम्ही म्हणतो, पाटी पुसली जाते म्हणूनच तिच्यावर दुसरे गणित मांडता येते. जे राखायचे, ते धारिकेत लिहावे. हे दोन्ही मुलांस एकाच दिवशी शिकविले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला आम्ही वरच्या बाणाची कळ दाबावयास सांगितली. किमती विसरणारा बॅश, आपण लिहिलेल्या आज्ञा मात्र मिटताना एका धारिकेत उतरवून ठेवतो. एकेक करीत साऱ्या वर्गांचे आकडे परत आले. मुलाचा चेहरा उजळला. तो कळ दाबीतच राहिला, आणि त्याच्या आकड्यांच्याही मागून, आम्ही आदल्या आठवड्यात ‘तात्पुरता’ म्हणून ठेवलेला संगणककक्षाचा गुप्तशब्द स्वच्छ अक्षरांत पुढे आला. मुलाने तो वाचला आणि मान दुसरीकडे वळविली. आम्ही तो त्याच दुपारी बदलला.