खाटेला पैसा, आहाराला नाही

बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या मुलाचे पोट महिनोन्‌महिने दुखत राहते, शौचातून रक्त जाते, उंची खुंटते. तरीही निदान सहजासहजी होत नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षय पुष्कळसा क्रोन विकारासारखाच दिसतो, आणि क्षयाच्या औषधांत मोलाचे महिने निघून जातात. पुढची वाट बहुधा परळची. १९२९ पासूनचे वाडिया बाल रुग्णालय तेथेच आहे. प्रत्येक फेरीला आईबापांपैकी एकाची रजा किंवा रोजी बुडते, ती कोणत्याच पावतीवर नसते.

खरी अडचण निदानानंतरची आहे. हा विकार समूळ जात नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. क्रोनग्रस्त मुलाला प्रारंभी सहा ते आठ आठवडे केवळ द्रवरूप पोषक आहार देतात. त्याने सूज उतरते आणि वाढीलाही हात मिळतो. त्यानंतर वर्षानुवर्षे गोळ्या, काहींना इंजेक्शने. २०१४ मध्ये अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती आली, भाव उतरला. तरी कारकुनाच्या पगाराला ती जडच.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली, हे स्वागतार्हच. परंतु तिची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. (आम्हा नोकरदारांचा विमाही बहुधा खाटेशीच बांधलेला!) आतडे कापण्याची पाळी आली तर पैसा मिळतो, ती टाळणारा घरचा आहार मात्र पदरमोडीवर. घाटकोपरच्या राजावाडीत आणि कांदिवलीच्या शताब्दीत पालिकेने आठवड्यातून एक दिवस बालपोटविकारतज्ज्ञ बसवावा आणि हा आहार तेथूनच द्यावा.