आयुष्यभराचा अ‍ॅम्प आणि माझ्या चार ओळी

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने मला एक यादी पाठवली. आयुष्यभर जपून ठेवावेत असे अ‍ॅम्प्लिफायर. मॅकिंटॉश, अ‍ॅक्यूफेज, लक्समन, जुना मरँट्झ, क्वाड, नॅड. खाली त्याचा प्रश्न: "यातला कोणता घेऊ? एकदाच घ्यायचा आहे. मग आयुष्यभर बघायला नको."

पगार चांगला आहे त्याचा. लग्न ठरलंय, फ्लॅट घेतलाय, हॉलचा एक कोपरा या वस्तूसाठी आत्ताच राखून ठेवलाय. मी उत्तर लिहायला बसलो आणि चिडलो. त्याच्यावर नाही, त्या 'बघायला नको'वर. कारण तो मेसेज आला तेव्हा मी सक्करदऱ्यातल्या एका दुकानात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो होतो आणि समोर बाबांचा चाळीस वर्षं जुना अ‍ॅम्प पोट उघडून पडला होता.

दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. बुधवार होता, म्हणजे बाहेर बाजार भरलेला, भाजीवाल्यांचा गलका थेट आत. बाबांनी हा अ‍ॅम्प १९८६ साली सीताबर्डीवरून आणला. मुंबईत बनलेला, एका बाजूला पंचवीस-तीस वॅटचा. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच ते शोधायला जाल, आणि माझं भांडण नेमकं त्याच सवयीशी आहे.

"काय झालं याले?" काकांनी विचारलं.

"घूंऽऽ असा आवाज येतो. गाणं नसलं तरी."

"कंडेन्सर सुकले असन. मागं बदलले होते ना मी?"

बदलले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला स्केच पेनने तारीखही लिहिली होती त्यांनी: २००९. त्याआधी १९९७ ची एक. ती दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात.

ही गोष्ट जरा नीट सांगतो, कारण 'आयुष्यभर' या शब्दाचा सगळा हिशोब इथेच लागतो. भिंतीतून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. अ‍ॅम्पला लागते सरळ, एका दिशेची. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करतो, डायोड तिला एका दिशेला वळवतात, पण मग तिच्यात सेकंदाला १०० हेलकावे उरतात. हे हेलकावे भरून काढायला दोन जाडजूड कंडेन्सर असतात, उभ्या डब्यांसारखे. त्यांच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि द्रवात भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. द्रव सुकत जातो. पुरेसा सुकला की ते १०० हेलकावे थेट स्पीकरपर्यंत पोचतात. बाबांची घूंऽऽ ती.

किती वर्षांत सुकतो? कंपन्या हे लपवत नाहीत, कंडेन्सरच्या माहितीपत्रकात छापतात. जुन्या साध्या कंडेन्सरवर ८५ अंश सेल्सिअसचा शिक्का असतो आणि त्या तापमानाला आयुष्य २,००० तास वगैरे. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. आता नागपूरचा मे महिना घ्या. बाहेर पारा ४५ च्या वर, खोली तापलेली, अ‍ॅम्प काचेच्या शोकेसमध्ये, वर क्रोशाचा रुमाल. आत ६५ अंश सहज. म्हणजे ८,००० तास. रोज दोन तास लावला तर अकरा वर्षं. झाकणाखालच्या तारखा पुन्हा बघा: १९८६, १९९७, २००९. मी इंजिनिअर असून हा हिशोब कधी केला नव्हता. काकांनी तो न करताच दर वेळी बरोबर ओळखलं होतं.

हा नियम मॅकिंटॉशलाही लागू आहे. त्यांचे कंडेन्सर चांगले असतील, १०५ अंशांचे असतील, हवा खेळायला जागा जास्त असेल. अकराच्या जागी तीस वर्षं मिळतील. मग पुढे? रिलेचे संपर्क काळे पडतात, व्हॉल्यूमच्या बटणात खरखर येते, हीट सिंकमागची पेस्ट वाळते. पन्नास वर्षं चाललेला कोणताही अ‍ॅम्प दाखवा, मी तुम्हाला तो निदान दोनदा उघडणारा माणूस दाखवतो. यादीत त्या माणसाचं नाव नसतं. इंग्लंडचा क्वाड ३०३ हा १९६७ चा अ‍ॅम्प आजही घराघरांत वाजतो, तो काही शापमुक्त आहे म्हणून नाही. त्याची सर्किटची आकृती सगळीकडे सापडते, त्यातले भाग आजही मिळतात आणि साध्या स्क्रू-ड्रायव्हरने तो उघडतो, एवढंच.

आता आवाजाबद्दल. हौशी मंडळी इथे माझ्यावर तुटून पडतील. जपानी अ‍ॅम्पचा गोडवा, व्हॉल्व्हची ऊब, अमक्याचं 'स्टेज'. मी ऐकलंय, मलाही आवडतं. पण १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने लोकांना बसवून, कोणता अ‍ॅम्प वाजतोय ते न सांगता चाचणी घेतली. पायोनियरच्या स्वस्त रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पपर्यंत सगळे होते. ऐकणाऱ्यांना खात्रीलायक फरक ओळखता आला नाही. स्पीकर बदलला की फरक कळतो, खोली बदलली की कळतो, गादी-पडदे बदलले तरी कळतो. धड बनवलेला आणि क्षमतेच्या आत वाजणारा अ‍ॅम्प बदलला तर फारसा नाही. नॅड ३०२० हा १९७८ चा, एका बाजूला जेमतेम २० वॅटचा, स्वस्तातला अ‍ॅम्प. तो दंतकथा झाला तो कमी पैशांत चांगलं काम केलं म्हणून. आता त्याच दंतकथेच्या जोरावर जुने नॅड महाग विकतात. हसावं का रडावं.

म्हणून मला ही यादी खरेदीची वाटते. जपण्याचं नाव लावलेली खरेदी. जपणं म्हणजे तुमच्याकडे जे आहे त्याची देखभाल. यादी तुम्हाला सांगते की तुमच्याकडे आहे ते जपण्यालायक नाही, जपण्यालायक ते दुकानात आहे.

या यादीत अहुजा नाही. दिल्लीची अहुजा ही १९४० पासूनची कंपनी, आणि आपल्याकडे सभा, भजन, अजान, शाळेचा स्नेहसंमेलन, लग्नाचा मांडव यांतला बहुतेक आवाज तिच्याच डब्यांतून गेलाय. उमरेड रोडवर ताजबागच्या उर्सात किंवा आमच्या गल्लीतल्या गणपतीत जा, कुठल्या तरी टेबलाखाली तो दिसेल: धूळ खाल्लेला, वर चहाचा कप ठेवलेला, शंभर व्होल्टच्या लाइनवर लांबलांबचे भोंगे ओढत असलेला. सूक्ष्म संगीतासाठी तो नाहीच, कबूल. पण माणसाने ठेवायचा म्हणून ठेवलेला, दहा वेळा जळलेला आणि दहा वेळा उठवलेला अ‍ॅम्प बघायचा असेल तर तो आहे. याद्या बनवणाऱ्यांना तो दिसत नाही, कारण तो हॉलमध्ये शोभत नाही.

बाबांच्या पिढीला हे कळत होतं, नाइलाजाने का होईना. १९९१ च्या आधी परदेशी अ‍ॅम्प म्हणजे कस्टमची ड्युटी नाहीतर दुबईचा मामा. त्यामुळे इथेच लोक बनवत होते. कोलकात्याला १९७० पासून सोनोडाइन, मुंबईत कॉस्मिक, नॉर्ज. ज्यांना तेही परवडत नव्हते ते स्वतः जोडत होते. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिक १९६९ पासून सर्किट छापत होतं, आणि लोक सीताबर्डीला जाऊन सुटे भाग आणून घरी सोल्डर करत होते. २एन३०५५ नावाचा ट्रान्झिस्टर साठच्या दशकात अमेरिकेत आला, तो आजही बनतो, आजही मिळतो. (नकलीही भरपूर. काका वजनावरून ओळखतात.) बाबांच्या अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर पूर्ण सर्किट छापलंय, प्रत्येक भागाच्या किमतीसह, किंमत म्हणजे रुपये नव्हेत, ओहम आणि मायक्रोफॅरड. बनवणाऱ्याने धरूनच चाललं होतं की कधीतरी, कोणीतरी हे उघडणार आहे.

आता माझा धंदा बघू.

२००६ ते २०१५ या काळात विकला गेलेला सोनोसचा कनेक्ट:अ‍ॅम्प नावाचा एक अ‍ॅम्प आहे. उत्तम वस्तू. त्यात संगणक होता, नेटवर्क होतं. २०२० च्या जानेवारीत कंपनीने सांगितलं की मे महिन्यापासून अशा जुन्या वस्तूंना नवीन सॉफ्टवेअर मिळणार नाही. त्याआधी त्यांनी 'रिसायकल मोड' आणला होता: नव्या वस्तूवर सूट हवी असेल तर ॲपमध्ये जुनीवर बटण दाबायचं, २१ दिवसांनी ती कायमची बंद. कंडेन्सर ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक, ट्रान्झिस्टर ठीक, आणि अ‍ॅम्प मेलेला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर मार्चमध्ये ती पद्धत मागे घेतली. त्यांचंच एकट्याचं नाव घेणं अन्यायाचं होईल. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्सवाल्यांचा सर्व्हर २०२४ मध्ये बंद केला. तिथे निदान सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं होतं, म्हणून लोकांनी स्वतःच्या घरी चालवून ते खोके जिवंत ठेवले.

आणि मी? दोन वर्षांपूर्वी एका ग्राहक कंपनीच्या कामात मला एक तिकीट आलं. घरात वापरायच्या ऑडिओच्या वस्तू होत्या. अमुक मॉडेलच्या खालचं काही जोडलं गेलं तर पडद्यावर दाखवायचं: हे उपकरण आता सपोर्टेड नाही. मी चार ओळी लिहिल्या. एक अट, एक संदेश, 'ओके'चं बटण, आणि कनेक्शन तोडायचं. टेस्ट पास झाली, कोणीतरी टाळ्यांचा इमोजी टाकला, मी मिहानवरून संध्याकाळी घरी आलो आणि बाबांच्या अ‍ॅम्पवर गाणी ऐकली. त्या चार ओळींनी किती खोके भंगारात गेले ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यात एखादा सुकलेला कंडेन्सर असता तर कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी काकांनी तो बदलला असता. माझी ओळ बदलायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

लगेच कोणी म्हणेल, म्हणजे नवीन सगळं वाईट? अजिबात नाही. क्लास-डीचे आजचे बोर्ड काही शे रुपयांत मिळतात, कमी वीज खातात, तापत नाहीत, म्हणजे नागपुरात तर जास्तच टिकायला हवेत. बाबांच्या अ‍ॅम्पपेक्षा त्यांचा आवाज मोजमापात स्वच्छ असू शकतो. माझा राग चिकटवून बंद केलेल्या डब्यावर आणि दूर कुठल्या तरी सर्व्हरला विचारल्याशिवाय न वाजणाऱ्या अ‍ॅम्पवर आहे. घरी आम्ही एक साउंडबारही घेतला होता. वॉरंटी संपल्यावर तीन महिन्यांत बंद पडला. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, अख्खा बोर्ड बदलावा लागेल, त्यापेक्षा नवीन घ्या. काकांकडे नेला तर त्यांनी उलटसुलट करून परत दिला. "कुठून उघडू? स्क्रूच नाही याले."

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टलही निघालं. चांगलं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि मला त्यात दोन साध्या गोष्टी कायद्याने हव्या आहेत. अ‍ॅम्पसोबत सर्किटची आकृती द्या, जशी १९८६ ला देत होते. आणि सॉफ्टवेअरचा सपोर्ट बंद करत असाल तर त्या दिवशी ते सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं करा. व्यापारी गुपित वगैरे मला सांगू नका. जी वस्तू तुम्हीच सोडून दिली तिचं गुपित कोणासाठी जपताय? माझ्यासारख्यांनाही एक करता येतं. तिकीट आलं की विचारायचं, ही वस्तू आपल्या सर्व्हरशिवाय वाजेल का? मी त्या वेळी विचारलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. पण विचारलं नाही हे तर खरंच आहे.

मित्राला मी शेवटी लिहिलं: ब्रँड मागाहून ठरव. आधी तुझ्या घरापासून अर्ध्या तासात अ‍ॅम्प उघडणारं कोण आहे ते शोध आणि त्याला विचार, तुम्हाला कोणता दुरुस्त करता येतो? मग तो घे. आणि त्याला मजुरी नीट दे. त्याने अंगठा पाठवला. बहुतेक मरँट्झ घेईल.

काकांनी दोन्ही कंडेन्सर बदलले. मग एक उघडा बल्ब होल्डर काढला, अ‍ॅम्पच्या वायरीत सिरीजमध्ये लावला आणि स्विच दाबला. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. "हे पाय. पेटलेलाच राहिला असता तं आत शॉर्ट. मंद झाला, म्हणजे ठीक." घूंऽऽ गेली होती. साडेचारशे रुपये झाले, पाचशे दिले तर पन्नास परत करून राहिले होते, मी घेतले नाहीत. झाकण लावण्याआधी त्यांनी स्केच पेन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तारीख तूच टाक, पुढच्या वेळी मी असन-नसन. त्यांच्याकडे शिकायला कोणी नाही. मुलगा बँकेत आहे, आणि एक पोट्टा यायचा तो आता मोबाइलचे स्क्रीन बदलतो, त्यात पैसे जास्त.

मी विचारलं, रविवारी आलो तर शिकवाल का?

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "इंजिनिअर आहे ना तू?" मग म्हणाले, "ये. येताना बल्ब घेऊन ये, शंभर वॉटचा, तारवाला. एलईडी नको. आता भेटत नाही कुठं, महालात पाय."