वाद्यवृंदाचे उपकार

१५ जून २०१९ रोजी इंग्लंडमधील हल शहराच्या सिटी हॉलमध्ये हल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने 'एट-बिट सिम्फनी' नावाची मैफल सादर केली. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरील खेळांसाठी १९८०च्या दशकात रचलेले संगीत तेथे पूर्ण वाद्यवृंदाने वाजवले. या संगीताचे बहुधा सर्वांत नामांकित रचनाकार रॉब हबार्ड हे मूळचे हलचेच. त्यामुळे कार्यक्रमाला घरच्या सत्काराची ऊब आली असणार. त्याआधी २००८ साली जर्मनीतील कोलोन येथे क्रिस ह्युल्सबेक यांच्या खेळ-संगीताची अशीच मैफल झाली होती. अशा प्रत्येक मैफलीनंतर एक भावना हमखास व्यक्त होते : या संगीताला अखेर न्याय मिळाला. माझे भांडण या एका भावनेशी आहे.

न्याय मिळाला म्हणजे आधी अन्याय झाला होता. तो कोणी केला, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : यंत्राने. बिचाऱ्या रचनाकाराच्या मनात भव्य वाद्यवृंद घुमत होता आणि हाती आली एक दरिद्री चिप. आता चाळीस वर्षांनी आपण त्याचे ऋण फेडत आहोत. ही कथा ऐकायला हृद्य आहे. मात्र बहुतेक रचनांच्या बाबतीत ती खोटी आहे आणि गौरवाच्या वेषात ती मूळ कृतीचा अवमान करते.

१९८२ साली बाजारात आलेल्या कमोडोर ६४ मध्ये 'सिड' नावाची ध्वनिचिप होती. तिची रचना बॉब यानेस यांची. तिच्यात आवाज फक्त तीन. पण प्रत्येक आवाजाला त्रिकोणी, करवती, पल्स आणि खरखरीचा असे चार तरंगप्रकार, स्वराचा उठाव आणि विलय ठरवण्याची सोय, शिवाय तिन्ही आवाजांना वापरता येईल असा फिल्टर. हबार्ड, मार्टिन गॉलवे, बेन डॅग्लिश यांच्यासारख्या रचनाकारांनी या मर्यादेतून जे निर्माण केले, त्याला काटकसर म्हणणे म्हणजे सुनीताला अपुरे राहिलेले महाकाव्य म्हणण्यासारखे आहे.

एक उदाहरण घेऊ. तीन आवाजांपैकी एकावर चाल आणि एकावर खर्ज ठेवला की उरलेल्या एका आवाजात तीन स्वरांचा मेळ वाजवायचा कसा? या मंडळींनी ते तीन स्वर एकामागून एक इतक्या वेगाने फिरवले की कानाला त्यांचा एकच थरथरता मेळ भासावा. युरोपातील यंत्रांवर पडद्याचे चित्र सेकंदाला ५० वेळा नव्याने रेखले जाई आणि संगीताची आज्ञावलीही साधारणपणे त्याच ठेक्याने चाले. स्वर बदलत तेही त्याच गतीने. त्या लकाकणाऱ्या, किंचित धारदार मेळात यंत्राची नाडी ऐकू येते. वाद्यवृंद तेथे काय करतो? तीन वादकांना तीन स्वर वाटून देतो आणि ते शांतपणे लांबवतो. स्वर तेच आणि मेळही तोच; पण संगीत निघून गेलेले असते. तालाचेही तसेच. खर्जाच्याच आवाजात क्षणभर खरखर घुसवून ढोलाचा आघात साधणे, म्हणजे एकाच गळ्यातून गाणे आणि ठेका दोन्ही काढणे, ही या शैलीची खरी करामत होती. ताल टिंपनीवाल्याकडे सोपवला की करामतीची गरजच संपते.

दुसरी गोष्ट. हे रचनाकार स्वरलिपीवर थांबत नसत. हबार्ड आपले संगीत थेट यंत्रभाषेच्या पातळीवर, अंकांच्या रूपात संगणकात भरत आणि ते वाजवणारी आज्ञावलीही स्वतःच लिहीत. म्हणजे रचना, वाद्याची घडण आणि वादन ही तिन्ही एकाच लेखनात सामावलेली होती, आणि तेही चित्रे व खेळ यांच्याशी ६४ किलोबाइटची स्मृती वाटून घेत. अशा लेखनातून केवळ चाल उचलून तिला 'मूळ रचना' म्हणणे हा साधा वर्गीकरणाचा दोष आहे. ओवीचे संस्कृत श्लोकात रूपांतर झाले म्हणजे ओवी मोठी झाली, असे आपण मानत नाही. मोठी झालीच तर ती संस्कृत जाणणाऱ्यांची सोय.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खुद्द रचनाकारांनाच हे हवे आहे. हबार्ड स्वतः अशा उपक्रमांत सहभागी झाले आहेत. तो त्यांचा निःसंशय अधिकार. आपली कृती नव्या रूपात पाहण्याचा आनंद कोणत्याही निर्मात्याला व्हावा. पण त्या आनंदावरून मूळ कृती अपुरी होती असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार श्रोत्यांना मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हबार्ड यांची 'मॉन्टी ऑन द रन' (१९८५) ही गाजलेली रचना चार्ल्स विल्यम्स यांच्या 'डेव्हिल्स गॅलप' या वाद्यवृंद-रचनेवरून स्फुरलेली आहे. बीबीसीच्या 'डिक बार्टन' या नभोवाणी मालिकेचे ते शीर्षकसंगीत. मग ते वाद्यवृंदाकडे परत गेले तर बिघडले कोठे? बिघडत नाही, पण मग त्याला परतफेड म्हणावे, उद्धार म्हणू नये. वाद्यवृंदाच्या घोडदौडीला तीन आवाजांत बसवताना हबार्ड यांनी जे गमावले आणि जे कमावले, त्या हिशेबातच त्यांची प्रतिभा आहे. परतीच्या वाटेवर तो हिशेब पुसून टाकायचा आणि वर त्यालाच मानवंदना म्हणायचे, हे विचित्र आहे.

सरसकट विधान मात्र मी करणार नाही. जपानमध्ये कोइची सुगियामा यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) रचले ते पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मुशीतून; त्याची वाद्यवृंदातील आवृत्ती खेळापाठोपाठ आली आणि १९८७ साली टोकियोत तिची मैफलही झाली. तेथे चिप आणि वाद्यवृंद ही जुळी भावंडे आहेत. पण हबार्ड–गॉलवे यांच्या परंपरेवर तोच न्याय लादणे म्हणजे सगळ्या नद्यांचा उगम एकच समजणे होय.

या वादात पणाला काय लागले आहे? कमोडोर कंपनी १९९४ साली दिवाळखोरीत गेली. मूळ सिड चिपा आता बनत नाहीत. ज्या आहेत त्या एकेक करून निकामी होत आहेत. जुन्या चिपांचे फिल्टर तर इतके बेभरवशाचे की दोन यंत्रांवर एकच रचना वेगळी वाजे. हा नाद जपण्याचे काम १९९०च्या दशकापासून 'हाय व्होल्टेज सिड कलेक्शन' चालवणाऱ्या हौशी मंडळींनी केले. हजारो रचनांच्या मूळ आज्ञावल्या त्यांनी खेळांतून सोडवून जपल्या. त्यांना टाळ्या मिळत नाहीत, कारण त्यांनी कोणाचाही 'दर्जा उंचावला' नाही. जे होते ते तसेच ठेवले. माझ्या दृष्टीने मानवंदना ती हीच.

वाद्यवृंदांनी हे संगीत वाजवू नये, असे माझे म्हणणे नाही. माझी मागणी माफक आहे. प्रत्येक रचनेआधी रंगमंचावर एक चालू कमोडोर ६४ ठेवावा, दिवे मंद करावेत आणि मूळ रचना संपूर्ण वाजू द्यावी. त्यानंतर वादकांनी धनुकली उचलावी आणि आपले उत्तर द्यावे. त्या तीन आवाजांपुढे ज्या वाद्यवृंदाला आपली श्रीमंती क्षणभर अवघड वाटेल, त्यानेच हे संगीत खरे ऐकले असे मी समजेन.