टाळ्या वाजवल्या, आता तयारीचं विचारूया

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

22 मार्च 2020 ची संध्याकाळ आठवते ना? आपण गॅलरीत उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या. पुढे अंधेरीत मरोळचं सेव्हन हिल्स रुग्णालय कोविड रुग्णांनी भरलं, मुलुंडला जम्बो केंद्र उभं राहिलं. त्या काळात नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींचं काय झालं, हे मात्र आपण फारसं विचारलं नाही.

नर्सिंग हाताने शिकायचं असतं. नाडी बघणं, सलाईन लावणं, घाबरलेल्या रुग्णाला धीर देणं मोबाईलवर शिकता येत नाही. वर्ग ऑनलाईन गेले आणि वॉर्डातला सराव तुटला. मग मे 2021 मध्ये केंद्र सरकारने सांगितलं, की अंतिम परीक्षेची वाट पाहणाऱ्या जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड ड्यूटी द्यावी. 100 दिवस काम केल्यास सरकारी भरतीत प्राधान्य मिळणार होतं. संधी होतीच, पण अर्धवट सरावावर केवढी जबाबदारी!

1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, हे आपण दर 3 जानेवारीला वर्गात सांगतो. त्यागासोबत सुरक्षिततेचंही सांगायला हवं.

चौथीतली मुलगी "मला नर्स व्हायचंय" म्हणाली की आपण कौतुक करतो. बारावीनंतर तिलाच "रात्रपाळी असते, नको" म्हणतो. तसं न म्हणता कॉलेजात जाऊन विचारा: वॉर्डात सराव किती? पीपीई किट घालायला-काढायला शिकवतात का? मुलं खचली तर बोलायला कोण आहे?

पुढच्या साथीची तयारी या प्रश्नांपासूनच सुरू होते.