सुतारावरचा आळ

आमच्या जत भागात सुतार पक्ष्यावर एक जुना आळ आहे. हा म्हणे झाडाला भोकं पाडून त्याचा रस पितो आणि मग झाड वाळतं. त्यामुळे बांधावर टकटक ऐकू आली की पोरं दगड भिरकावतात, आणि मोठी माणसंही त्यांना अडवत नाहीत. मागे एका डाळिंबवाल्याने मला बागेत नेऊन पुरावाच दाखवला. खोडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, बुंध्याशी पिठासारखा भुसा. म्हणाला, "बघा गुरुजी, तुमच्या सुताराचे प्रताप!" आता सुताराची चोच काय टाचणीएवढी असते? ते काम खोडात शिरणाऱ्या बारीक भुंगेऱ्याचं. सुतार लाकूड फोडतो तेव्हा खाली कपच्या पडतात, पीठ नाही. पण आळ एकदा चिकटला की चिकटला.

गंमत म्हणजे हा आळ अगदीच हवेतला नाही. रस पिणारा सुतार जगात आहे, फक्त तो इथला नव्हे. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीने तिच्या अंगणातल्या मेपलचा फोटो पाठवला होता. शिवणयंत्राने टिपा माराव्यात तशा खोडावर भोकांच्या आडव्या ओळी. कोणी केलं असेल, असा तिचा प्रश्न. ही सही एकाच पक्ष्याची, 'यलो-बेलीड सॅपसकर'ची. सरळ मराठीत सांगायचं तर पिवळ्या पोटाचा रसशोषक. (इंग्रजी बोलीत 'पिवळ्या पोटाचा' म्हणजे भित्रा. त्यात 'शोषक' जोडलं की नाव कमी आणि शिवी जास्त वाटते!)

याची पद्धत मात्र अभ्यासण्यासारखी आहे. वसंतात पानं फुटायच्या आधी तो खोलगट गोल भोकं पाडतो आणि मुळांकडून वर चढणारा रस पितो. पानं आली की पद्धत बदलते. मग सालीत उथळ चौकोनी खाचा करतो, कारण पानांनी तयार केलेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली उतरत असते आणि हा रस जास्त गोड असतो. खाच भरून येऊ नये म्हणून तिची रोज डागडुजी करावी लागते. आपल्याकडे शिंदीची नीरा काढणारा माणूस रोज नवा काप घेतो, तसंच हे. याच्या जिभेच्या टोकाला ब्रशासारखे केस असतात, त्यांनी तो रस टिपतो. रसाला चिकटलेले किडेही खातो, पिलांनाही नेतो. बर्च आणि मेपल विशेष आवडीचे, पण हजाराहून जास्त जातींच्या झाडाझुडपांवर त्याच्या खुणा सापडल्या आहेत.

याने झाडाचं नुकसान होतं का? होतं. खोडाभोवती भोकांचं कडं पुरं झालं तर झाड मरूही शकतं, आणि लाकडावर डाग पडतात ते वेगळंच. 1911 साली अमेरिकेच्या शेती खात्याने मॅकॅटी नावाच्या अभ्यासकाची एक पुस्तिकाच काढली, सुतार पक्षी आणि झाडं यांच्यावर. तिच्यात या महाशयांनी लाकडाच्या केलेल्या नासाडीवर पानंच्या पानं आहेत. तरीसुद्धा 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने त्याला तिथे संरक्षण मिळालं. मला ते योग्य वाटतं. कारण याच्या खाचांवर इतरांचंही पोट चालतं. लाल कंठाचा इवलासा हमिंगबर्ड वसंतात उत्तरेकडे येतो तेव्हा फुलं पुरेशी उमललेली नसतात. मग तो सुताराच्या खाचेवर रस पितो. खारी येतात, मुंग्या-माश्या येतात, त्यांना खायला दुसरे पक्षी येतात. दुष्काळात एकाच विहिरीवर सगळं गाव पाणी भरतं, त्यातला प्रकार. आणि मेपलला भोक पाडून रस काढण्यात तिकडचा माणूस कुठे मागे आहे? तो रस आटवून पाक करतो आणि बाटलीत भरून विकतो. आपणही बाभळीला जखम झाल्याशिवाय न मिळणारा डिंक लाडवात घालून बाळंतिणीला देतोच की.

आपल्या देशातही असा एक रसिक आहे, पण तो हिमालयात. तांबूस पोटाचा हा सुतार झाडाच्या खोडावर तशाच खाचा पाडतो. 1970 साली झूसी आणि मार्शल या दोघांनी थायलंडमधल्या त्याच्या भाईबंदांची अमेरिकेतल्या रसशोषकाशी तुलना केली होती.

आता आपला आरोपी. जतच्या बाभळी-लिंबांवर दिसणारा छोटा सुतार म्हणजे मराठा सुतार. पाठीवर काळे-पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर, नराच्या डोक्यावर मागे लाल पट्टा, पोटाखाली लाल डाग. साळुंकीहून लहान. 1801 साली लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने त्याच्या शास्त्रीय नावात 'महरॅटेन्सिस' हा शब्द घातला, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. पेशवाई गेली, संस्थानं गेली, नाव राहिलं. आमच्या तालुक्याच्या पूर्वेकडे कन्नड बोलतात. कन्नडात सुताराला 'मरकुटिग' म्हणतात, झाड कुटणारा. त्या नावात तक्रार नाही, नुसतं वर्णन आहे.

आणि हा कुटतो ते बहुतेक वाळकं, किडकं लाकूड. त्यातल्या अळ्या, भुंगेरे, मुंग्या हे त्याचं मुख्य खाणं. कधी फळांवर आणि फुलांतल्या मधावरही जातो. झाड आधी आजारी पडतं, मग कीड लागते, मग सुतार येतो. आपण पाहतो फक्त शेवटचा. घरी वैद्य आला म्हणून माणूस आजारी पडला असं म्हणण्यातला प्रकार!

या आळापायी पक्ष्याला दगड बसतात हे वाईटच, पण माझा खरा मुद्दा वाळक्या फांदीचा आहे. सुतार घर कोरतो ते बहुधा अशाच फांदीत. तो सोडून गेला की ते भोक आयतं घर होतं. साळुंकी, दयाळ, पोपट, पिंगळा यांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही. ते अशाच ढोल्या शोधतात. आमच्याकडे मुळात झाडं कमी. त्यात बांधावरचं वाळकं झाड म्हणजे फुकटचं जळण, असा हिशेब. हा हिशेब मला समजतो. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला पक्ष्यांच्या गोष्टी सांगणं सोपं नाही, आणि घरावर किंवा रस्त्यावर झुकलेली फांदी काढलीच पाहिजे. पण रानात मधोमध उभा असलेला वाळका लिंब, ज्याच्याखाली कुणी बसत नाही, तो 'दिसायला बरं दिसत नाही' म्हणून पाडतात तेव्हा वाईट वाटतं. हौसेने रोपं लावणारेही हे करतात. नवीन रोपात ढोली व्हायला किती वर्षं लागतात हे कुणी मोजत नाही.

सुताराची वीण साधारण फेब्रुवारी ते जुलै. तेव्हा तोडायचंच असेल तर दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आत तोडा. आणि कुऱ्हाड घालण्यापूर्वी खोडावर दोन थापा मारून बघा. आत पिंगळा असला तर बहुतेक वेळा डोकं बाहेर काढतो आणि डोळे वटारून बघत राहतो.