रक्त पडतंय? दुर्बीण आणि तुकड्याची तपासणी टाळू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला ही कळकळीची विनंती आहे. शौचातून रक्त किंवा आव पडत असेल, पातळ जुलाब चार आठवड्यांच्या वर गेले असतील, त्यासाठी रात्री झोपेतून उठावं लागत असेल, वजन उतरत असेल, तर सोयाबीन निघेपर्यंत किंवा कापसाची शेवटची वेचणी होईपर्यंत थांबू नका. डॉक्टरांना थेट विचारा: कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, करावी लागेल का, आणि आतड्याचा तुकडा तपासायला पाठवणार का?

आपल्याकडे रक्त पडलं की ती मूळव्याधच, असं घरातच ठरून जातं. मग चूर्ण, मलम, कुणीतरी सांगितलेलं इंजेक्शन. भगंदर झालं तर ऑपरेशन होतं, पुन्हा होतं, पण आतडं कुणी पाहत नाही. बाईचं रक्त कमी झालं की पाळीवर जातं, कोलाम-गोंड वस्तीतल्या पोराचं कमी झालं की सिकलसेलवर. ही कारणं विदर्भात खरोखरच आहेत, त्यांची तपासणी व्हायलाच हवी. पण सोबत जुलाब, पोटदुखी किंवा ताप असेल, मुलाची वाढ खुंटली असेल, तर आतड्याकडेही बघा.

कारण हा आतड्याचा दाहक आजार असू शकतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर चढतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मध्ये मध्ये चांगला भाग सोडून, आणि आतड्याच्या भिंतीत खोल जातो. शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. हा आजार बहुतेकदा ऐन तारुण्यात दिसतो आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

सगळ्यात मोठा धोका क्षयरोगाशी होणाऱ्या गल्लतीचा आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोन्ही बहुधा लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच बसतात, आणि दुर्बिणीतूनही कधी कधी सारखेच दिसतात. क्रोन्सच्या रोग्याला टीबीच्या गोळ्या दिल्या तर महिने वाया जातात, आतडं अरुंद होत जातं. उलट, क्षय असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर क्षय अंगभर पसरू शकतो. म्हणून एक तुकडा पुरत नाही. लहान आतड्याच्या टोकापासून गुदाशयापर्यंत वेगवेगळ्या जागांचे तुकडे लागतात, वरून चांगल्या दिसणाऱ्या भागाचेसुद्धा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे फॉर्मलिनमध्ये ठेवतात, पण क्षयाच्या सीबीनॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणारी) चाचण्यांसाठी वेगळे तुकडे फॉर्मलिनशिवाय पाठवावे लागतात, कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि सीबीनॅटलाही अडथळा येतो. क्षयाची शंका असेल तर हे दुर्बीण घालण्याआधीच विचारून घ्या. विष्ठेची कॅलप्रोटेक्टिन चाचणी सूज आहे एवढं सांगते, सूज कशाची ते सांगत नाही.

तुकडा काढला म्हणजे कॅन्सर, ही भीती मनातून काढून टाका. तुकडा ज्वारीच्या दाण्याहून लहान असतो, आणि तो घेताना दुखत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. तुकडा काढल्याने रोग पसरतही नाही. त्रास होतो तो आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाचा, पण पोट नीट साफ झालं नाही तर काहीच दिसत नाही. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. रक्त पातळ करण्याच्या आणि साखरेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. गुंगीचं औषध देतात, म्हणून सोबत माणूस हवा. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून खाणं थांबवा. त्याने आतड्याचा हा त्रास वाढू शकतो.

कुठे जायचं? आधी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारा. गरज पडली तर चिठ्ठी घेऊन सेवाग्राम किंवा नागपूर. पुसद-उमरखेडकडच्यांना नांदेड जवळ पडतं. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तोच सांगेल. पोट फुगलं, ताप चढला, रक्त थांबतच नाही, अशी वेळ आली तर तपासणीची तारीख धरून बसू नका, 108 ला फोन करा.

निदान लागलं म्हणजे आयुष्य संपलं असं नाही. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. त्यापायी 2007 मध्ये त्यांनी पद सोडलं, औषधोपचारानंतर 2012 मध्ये ते परत आले आणि 2020 पर्यंत देश चालवला. पण गोळ्या बरं वाटलं म्हणून सोडायच्या नसतात. मोठं आतडं बरंचसं धरलं असेल तर आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनंतर कॅन्सरवर लक्ष ठेवण्यासाठी ठरावीक अंतराने पुन्हा दुर्बीण लागते.

आशाताईंनो, गृहभेटीत ताप-खोकल्यासोबत शौचातल्या रक्ताबद्दलही विचारा. बाया आपणहून सांगत नाहीत. आणि तपासणी झालेल्यांनो, अहवालाचा कागद जपून ठेवा. तुकड्याची काच आणि मेणातला ठोकळा प्रयोगशाळेत राहतात. निदानाबद्दल शंका असेल तर ती दोन्ही मागून घ्या आणि दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात दाखवा.