शिक्षकाची खुर्ची रिकामी सोडू नका!



घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आपल्या घरांत मूल बारावी उत्तीर्ण झाले की अभियांत्रिकी, वैद्यक आणि बँक एवढ्यांचाच विचार होतो. मुलीने मानसशास्त्राचे नाव काढले तर ‘ते वेड्यांचे शास्त्र’ म्हणून तिला गप्प केले जाते, आणि बी.एड. म्हणजे दुसरे काही न मिळालेल्यांचा आसरा! ही समजूत आत्मघातकी आहे.

मूल ‘हुशार’ की ‘ढ’, हा निवाडा वर्गात कोण करतो? शिक्षक. त्या निवाड्याला शास्त्राचा आधार कोण पुरवितो? मानसशास्त्रज्ञ. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना वेगळ्या गोणपाटावर बसविणाऱ्यांनी त्यांची बुद्धी मोजली होती काय? त्यांनी मोजली ती जात!

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. जात उच्चारली नव्हती, तेव्हा सवर्ण व दलित मुले सारखीच ठरली. जेथे सर्वांदेखत जात पुकारली, तेथे दलित मुले मागे पडली. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने मानसशास्त्रच हाती घेतले. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविताना केनेथ क्लार्क यांच्या संशोधनाचा हवाला दिला. जोतिराव फुल्यांनी तर १८८२ सालीच हंटर आयोगापुढे श्रमकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक मागितले होते.

‘पदवी घेऊन नोकरी कोठे आहे?’ असे आपण विचाराल. प्रश्न खरा आहे. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले, खर्च वाढला, पुढे पात्रता परीक्षाही आहे. म्हणून प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची मान्यता व शुल्क नीट तपासा. परंतु अडचण आहे म्हणून खुर्चीच सोडावयाची काय? मुलाचा मानसिक छळ २०१० पासून कायद्याने निषिद्ध आहे. पण तो छळ ओळखणारा डोळा वर्गात नसेल, तर कायदा कागदावरच राहील.

कलिन्यास मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, विद्याविहारास सोमैया शिक्षणशास्त्र महाविद्यालय आहे. दोन्ही लोकलच्या पासाच्या टप्प्यात. तेथे आपली मुले पाठवा. आणि तोवर, निदान आपल्या घरात तरी, आपल्याच लेकराला ‘ढ’ म्हणू नका.